एकाच दाराचा बाजार

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गोळा करताना एका ताईंनी आम्हाला थांबवले. "भाऊ, पोरानं अभ्यासाचं ते अ‍ॅप घेतलं होतं. आवडलं नाही म्हणून काढून टाकलं. तरी दर महिन्याले पैसे कायले कटून राह्यले?" आम्ही कारकुनी पेशातले, हिशेब म्हटला की हात आपोआप पुढे जातो. फोन पाहिला. अ‍ॅप काढलेले होते, पण वर्गणी चालूच होती. अ‍ॅप काढणे वेगळे आणि वर्गणी रद्द करणे वेगळे, हे ताईंना कोणी सांगितलेच नव्हते. वर्गणी रद्द करून दिली, पण हे पैसे नेमके कोणाच्या गल्ल्यात जातात, हा प्रश्न मनात राहिला. तो आज वाचकांपुढे मांडतो.

आपल्या फोनमध्ये अ‍ॅप येतात ती एका दुकानातून. साध्या फोनवर गुगलचे प्ले स्टोअर, आयफोनवर अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर. या दुकानांचा नियम मोठा गमतीचा आहे. अ‍ॅपवरून छापील पुस्तक, साडी किंवा रेल्वेचे तिकीट घेतले, तर दुकान त्यात वाटा मागत नाही. पण माल फोनमध्येच वापरायचा असेल, म्हणजे ऐकायचे पुस्तक, व्हिडिओ पाठ, वधू-वर अ‍ॅपची वर्गणी, तर दुकान आपले कमिशन मागते. कित्येक वर्षे हा दर शंभराला तीस होता. 2021 पासून लहान विक्रेत्यांना तो पंधरावर आणला गेला.

समजा, आमच्या अकोटच्या एखाद्या होतकरू मुलाने पोलीस भरतीचे पाठ तयार करून अ‍ॅपवर 300 रुपयांना ठेवले. पंधरा टक्क्यांनी 45 रुपये दुकानाचे. दोनशे विद्यार्थी मिळाले तर 9,000 रुपये गेले. त्याच नोट्स छापून त्याच अ‍ॅपवरून विकल्या असत्या, तर दुकानाला एक पैसाही द्यावा लागला नसता. मेहनत तीच, विद्यार्थी तेच, फक्त कागद नाही.

ही रक्कम शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशावर कशी येते तेही पाहा. फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटरने भारतात निळ्या खुणेची मासिक वर्गणी सुरू केली. वेबसाइटवरून घेतली तर 650 रुपये, मोबाइल अ‍ॅपवरून घेतली तर 900. वस्तू एकच, दार वेगळे, फरक अडीचशे रुपयांचा.

एकाच दाराने विकण्याची सक्ती आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा असा कायदा होता. पण त्यामागे शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा हा हेतू होता, आणि चुकले तर विधानसभेत सरकारला जाब विचारता येत होता. इथे कंपनी नियम करते, कंपनीच बदलते, आणि विक्रेत्याला त्याची फक्त सूचना येते.

जाब विचारण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑक्टोबर 2022 रोजी याच नियमांवरून गुगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड केला आणि पैसे घेण्याची दुसरी व्यवस्था वापरू द्या, असा आदेश दिला. गुगलने दुसरी व्यवस्था मान्य केली, पण कमिशन कमी केले फक्त चार टक्क्यांनी! तीसचे सव्वीस, पंधराचे अकरा. दुसऱ्या व्यवस्थेचाही खर्च असतोच. मग विक्रेत्याच्या हाती उरले काय?

काही भारतीय कंपन्यांनी हे कमिशन देण्यास नकार दिला. तेव्हा 1 मार्च 2024 रोजी गुगलने त्यांची अ‍ॅप दुकानातून काढली. त्यात शादी, भारत मॅट्रिमनी, नोकरी, कुकू एफएम ही नावे होती. ऐन लग्नसराईच्या तोंडावर स्थळे पाहणारे आणि नोकरी शोधणारे यांना ती दुकानात दिसेनात. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन्ही बाजूंना बोलावल्यावर काही दिवसांत ती परत आली. पुढे मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड 216.69 कोटींवर आणला, पण वर्चस्वाचा गैरवापर झाला हे मान्य केले.

गुगलची बाजूही ऐकली पाहिजे. दुकान सांभाळायला, लबाड अ‍ॅप हुडकायला खर्च येतो आणि बहुतेक अ‍ॅपना कमिशन पडतच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. परंतु मोठ्या कंपनीसाठी मंत्री बैठक बोलावतात; आमच्या पोलीस भरतीवाल्या पोराचे अ‍ॅप उद्या निघाले तर बैठक कोण बोलावणार?

इथे आम्हाला बाबासाहेब आठवतात. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तो नकार जातीचा होता, आजचा प्रश्न पैशाचा आहे; दोन्ही एक नव्हेत. पण बाबासाहेब दुसऱ्याच्या दाराशी थांबले नाहीत, स्वतःचे पत्र चालवत राहिले, 1927 साली पुन्हा 'बहिष्कृत भारत' काढले, एवढे आपण घ्यावे. आपली गाणी, व्याख्याने, पाठ विकणाऱ्या तरुणांनी अ‍ॅप जरूर काढावे, पण सोबत स्वतःची वेबसाइट ठेवावी आणि गिऱ्हाइकांची यादी आपल्याजवळ असू द्यावी. दार बंद झाले तरी माणसे तुटू नयेत.

आणि घरोघरच्या माता-भगिनींना एवढेच सांगणे. मुलांच्या हाती फोन देताना खरेदीला पासवर्ड लावा. नको असलेली वर्गणी दुकानातील आपल्या खात्यात जाऊन रद्द करा, नुसते अ‍ॅप काढून थांबू नका. प्ले स्टोअरवर चुकून खरेदी झाली तर 48 तासांच्या आत परताव्याची मागणी करा. घेण्याआधी तीच वस्तू वेबसाइटवर कितीला आहे ते पाहा. जमत नसेल तर रविवारी फोन घेऊन विहारात या, मिळून पाहू. त्या ताईंचे दर महिन्याचे पैसे वाचले, तुमचेही वाचतील.

जय भीम!