चुन्याची रेघ

दोन ठिकाणांहून घेतलेली विमानचित्रे दोन डोळ्यांनी एकदम पाहिली म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा उमगतो. या तत्त्वावरील नकाशायंत्रांत लोखंडी दांडे जे काम करीत, ते हेलावा यांनी १९५७ साली गणकयंत्राकडे सोपविले. २०२० साली निघालेल्या स्वामित्व योजनेत तर गावठाणे ड्रोनने मोजिली. सुधारणा स्तुत्य खरीच. परंतु आमच्या मावळात पावसाकरिता छपराच्या वळचणी भिंतीबाहेर काढितात, आणि वरून पाहणारास वळचण दिसते, भिंत नव्हे. म्हणून उड्डाणापूर्वी हद्दीवर चुना टाकितात. ती रेघ, वाचकहो, माणसाचा हात ओढितो. वराळ्यासारख्या गावी ती दोन्ही शेजाऱ्यांसमक्ष, पुरुषमाणूस नसलेल्या घरची विधवाही बोलावूनच, ओढिली पाहिजे. नकाशा मंजूर झाल्यावर कचेरीचे खेटे तिच्याच्याने होत नाहीत.