वाळू सुंदर, पण कोणासाठी?

वर्गातल्या एका मुलाने त्याच्या पाळीव सरड्याच्या, बिअर्डेड ड्रॅगनच्या, पेटीचा फोटो मोठ्या हौसेने दाखवला. तळाला पिवळीधमक वाळू! "सर, वाळवंट केलंय." हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, म्हणून वाळू हवीच असं आपल्यालाही वाटतं. पण तिथे तो झुडपांवर, दगडांवर, दबलेल्या जमिनीवरही वावरतो. पेटीतली सुटी वाळू मात्र किडा पकडताना पोटात जाते; पिल्लाचं आतडं तुंबू शकतं. त्यापेक्षा साधा कागद किंवा खरबरीत फरशी बरी. घाण लगेच दिसते, साफ करता येते. पालकहो, मुलांना पेटी सजवायला शिकवण्याआधी ती रोज साफ करायला शिकवा. प्राणी पाळणं म्हणजे देखावा मांडणं नव्हे.