आत्मओळख आणि सरकारी शिक्का

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. परंतु त्यातील एका क्रमाचे स्मरण आज उपयुक्त ठरेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह माणसे स्वतः तळ्यावर गेली, तेव्हाच त्या कागदात प्राण आला. उच्च न्यायालयाची मोहोर उमटली ती १९३७ साली. मोहोर नंतर आली, माणूसपणाची जाणीव आधी.

जातिव्यवस्थेचा अन्याय आणि ऑटिझम यांची जात एक नव्हे. तथापि हा क्रम दोहोंकडे सारखाच दिसतो. अनेक प्रौढ माणसे आज वाचनातून, आपल्यासारख्या इतरांच्या अनुभवांतून, स्वतःचा ऑटिझम ओळखू लागली आहेत. ‘डॉक्टरांचा कागद कोठे आहे?’ असा प्रश्न त्यांना केला जातो. हा कागद मिळणार तरी कोठून होता? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत त्याची गणना केली. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत १९७५ साली जन्मलेल्या मुलीला शाळेने ‘घुमी’ म्हटले, सासरने ‘तऱ्हेवाईक’. मुलींच्या बाबतीत हे निदान सर्वत्रच अधिक हुकते. तिच्याजवळ बालपणीचे निदानपत्र मागणे ही क्रूर थट्टा होय. शिवाय ‘स्वमग्नता’ हा आपला रूढ शब्दही जणू तिलाच दोष देतो.

आक्षेप असा, की प्रत्येकाने स्वतःच निदान केले तर न बोलणाऱ्या, सतत आधार लागणाऱ्या मुलांच्या वाट्याचे तुटपुंजे साहाय्य विभागले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर अर्थशास्त्रातच आहे. राखीव जागा, निवृत्तिवेतन ही मर्यादित साधने आहेत. त्यांच्या वाटपाला कसोटी हवी, आणि किमान ४० टक्के अपंगत्वाची अट कायद्याने घातलीच आहे. समजूतदारपणाचे तसे नाही. यंत्रांच्या कल्लोळाने बेजार होणाऱ्या कामगाराला कान झाकू देणे, सभेत नजरेला नजर न देणाऱ्या सोबत्याला उर्मट न ठरवणे, सूचना तोंडी न देता लिहून देणे, यांतून कोणाच्याही ताटातला घास कमी होत नाही. म्हणून साहाय्यासाठी प्रमाणपत्र मागावे. सौजन्यासाठी मागू नये.

स्वतःची पारख चुकू शकते, हेही मान्य केले पाहिजे. चिंतारोग किंवा जुना आघात यांची लक्षणे कधी ऑटिझमसारखी भासतात आणि त्यांवरचे उपचार निराळे असतात. परंतु यातून निष्पन्न होते ते एवढेच, की निदान सर्वांच्या आवाक्यात आणले पाहिजे. खाजगी तज्ज्ञाची फी परवडणाऱ्याला ओळख मिळावी आणि अलिबागला जाण्यात मजुरी बुडते त्याने आयुष्यभर विक्षिप्त ठरावे, ही वर्गविषमताच आहे.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. महाड व पोलादपूर येथील सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी, प्रौढांसह सर्वांची तपासणी विनामूल्य व्हावी. आणि तो दिवस उजाडेपर्यंत, ‘मी असा आहे’ असे सांगणाऱ्यावर आपल्या शाखांनी तरी विश्वास ठेवावा. पहिल्या मागणीसाठी शासनाशी झगडावे लागेल. दुसरी पुढच्याच बैठकीपासून आपल्या हाती आहे.