मातीच्या किल्ल्यावर रयत कोठे आहे?

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांच्या इतक्या परिचयाची आहे की तिच्याविषयी काही विचार करावयास हवा, असे सहसा कोणास वाटत नाही. काहींच्या लेखी तो निरुपद्रवी पोरखेळ असतो. काही शांततावादी मित्रांना मात्र तलवारधारी मावळ्यांची ही आरास मुलांच्या मनावर युद्धाचे संस्कार करणारी वाटते. मला ह्या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. शाळेच्या पुस्तकाबाहेर मूल इतिहास स्वतःच्या हातांनी घडविते असा हा बहुधा एकच प्रसंग आहे. आणि म्हणूनच त्या किल्ल्यावर कोणास जागा मिळते व कोण वगळले जाते, हे पाहणे आपले काम आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही घरातील सहा माणसे सोनिवलीहून निघून बेलवलीच्या बाजूपर्यंत किल्ले पाहत हिंडलो. गोणपाटावर चिखल लिंपून केलेले डोंगर, त्यांवर उगवलेले अळीव, विटांचे बुरूज, गेरूने रंगविलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर सिंहासनारूढ महाराज; हे सारे पूर्वीसारखेच होते. मात्र जेथे काल-परवापर्यंत भातखाचरे होती तेथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसविल्याने मुलांना खणावयास ढेकूळभर माती उरलेली नाही. अशा एका इमारतीत बाजारातून आणलेला प्लास्टरचा तयार किल्ला टेबलावर मांडलेला होता. त्याभोवती मुले उभी होती. पण एकाच्याही नखांत माती नव्हती. श्रमाची जागा खरेदीने घेतली की खेळाचे काय होते, हे ह्याहून स्पष्ट कोठे दिसावे?

एका मोठ्या किल्ल्यापाशी आमच्या सत्तरी ओलांडलेल्या आत्यांनी सहज विचारले, "अरे, ह्या गडावर पाणी कोण भरतं?" मुले गोंधळली. एक जण म्हणाला, "आजी, मागे मोटर लावलीय ना!" धबधबा खरोखरच मोटरीवर चालू होता. आम्ही हसलो, परंतु प्रश्न अगदी योग्य होता. त्या किल्ल्यावर पन्नासएक सैनिक होते, तोफा होत्या, भगवे होते. टाके नव्हते, धान्याचे कोठार नव्हते आणि एकही स्त्री नव्हती.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी खोदावीत, असे बजावलेले आहे. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, झाड घेणेच झाल्यास मालकास राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. खुद्द शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या तळावरील लष्करास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. शेतकऱ्याच्या गवताच्या काडीसही धक्का लावू नका, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदराने वात नेली तर गंजी पेटेल, इतक्या बारकाईने त्यात लिहिलेले आहे. गड लढला तो हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या व्यवस्थेवर आणि घेऱ्यातील महार, रामोशी, कोळी यांच्या पहाऱ्यावर. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव निदान जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे. दगड फोडणाऱ्या पाथरवटांचे तेवढेही नाही. श्रमिकांपैकी गडावर चढली ती एकटी दंतकथेतील हिरकणी गवळण!

खेळातील सैनिकांविषयी घाबरणाऱ्या मित्रांना एच. जी. वेल्सची आठवण करून द्यावीशी वाटते. प्रशियाच्या लष्कराने 1824 पासून नकाशावरील युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला. समाजवादी विचारांच्या वेल्सने मात्र 1913 साली शिशाच्या सैनिकांच्या खेळावर एक पुस्तकच लिहिले, आणि त्यात प्रतिपादन केले ते हे की असा खेळ मनापासून खेळणाऱ्यास खरे युद्ध किती अडाणी व महागडी गोष्ट आहे ते उमगते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हा भाग वेगळा; त्याचा दोष शिशाच्या सैनिकांकडे जात नाही. आज इंग्लंडमध्ये अशा खेळांची प्रदर्शने भरतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे ती पाहावयास जातात. आपल्या गल्लीतील किल्ले त्याच जातीचे, फक्त बिनतिकिटाचे.

भीती बाळगावयाची तर ती दुसऱ्या गोष्टीची. अनेक किल्ल्यांवर प्रतापगडचा प्रसंग असतो, आणि त्याखालील फलकावर 10 नोव्हेंबर 1659 ची ती लढाई दोन धर्मांची म्हणून रंगविली जाते. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, ही साधी माहिती फलकावर का येत नाही? मराठ्यांच्या आरमाराचा सेनानी दौलतखान होता, हे सिंधुदुर्गाची प्रतिकृती करणाऱ्या मुलास कोणी सांगितलेले असते काय? जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील व एक तामिळनाडूतील जिंजी. तेव्हापासून किल्ल्यांविषयीचा उत्साह वाढला आहे व तो स्वागतार्हच आहे. परंतु त्या उत्साहाला आशय कोण पुरविणार? आपण गप्प राहिलो तर फलक लिहिणारे दुसरे हात तयारच आहेत.

ह्यासाठी परिपत्रक काढण्याची गरज नाही. शाखेतील चार माणसांनी वसुबारसेपूर्वी मुलांबरोबर चिखलात हात घालावेत, सोसायटीच्या सभेत कोपऱ्यातील चार फरश्या उचलण्याचा ठराव मांडावा, टाके खणावयास लावावे, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गाव वसवावे. पूर्वी ते असेच: बैलजोडी, नांगरधारी शेतकरी, गवळण, भाजीवाली. बाजारात ही चित्रे आजही मिळतात. विक्रेता पुढे मावळे मांडतो, पण मागितल्यास खालच्या टोपलीतून शेतकरी काढून देतो.