कचऱ्याचे टेंडर, जातीचे कंत्राट

महापालिकेचे कचऱ्याचे टेंडर आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? जयंतीचा मार्ग, पुतळ्याची जागा, निवडणुकीतली युती यांवर आपण रात्री जागवतो. पण ज्या कागदावर आपल्याच वस्तीतल्या माणसांची हजेरी, पगार आणि म्हातारपण ठरते, तो कागद आपण उघडूनही पाहत नाही. आमचे म्हणणे आहे की आज आंबेडकरी कार्यकर्त्याने तो कागद वाचलाच पाहिजे. जात आता केवळ पोथीत राहिलेली नाही, ती निविदेच्या अटी-शर्तींतही जाऊन बसली आहे.

टेंडरमध्ये गाड्या असतात. कॉम्पॅक्टर किती, डंपर किती, घंटागाड्या किती, रोजच्या फेऱ्या किती, जीपीएस कुठे बसवायचे, वजनकाट्याची पावती कशी जोडायची, उशीर झाला तर दंड किती, हे सगळे तपशिलात असते. माणूस मात्र ‘मनुष्यबळ’ या एका शब्दात उरकतो. त्याचे वय, त्याची रजा, त्याच्या दुखऱ्या कमरेचा उपचार, कंत्राट संपल्यावर त्याचे काय, यावर कागद मुका असतो.

आता या व्यवहाराचे गणित पाहू. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. हा दर कमी करायचा कुठून? डिझेलचा भाव कंत्राटदाराच्या हातात नाही. गाडीचा हप्ता बँक सोडत नाही. डम्पिंग ग्राउंडचे अंतर कमी होत नाही. मग उरते काय? कामगाराचे किमान वेतन, त्याचा पीएफ, ईएसआय, हातमोजे, गमबूट, साप्ताहिक सुट्टी. स्वस्त टेंडरचा स्वस्तपणा इथूनच येतो. आणि पैसे टनावर मिळणार असतील, तर कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन वाढवण्याचा मोहही त्याच कागदातून जन्माला येतो. म्हणजे पालिका दोन्हीकडून फसते, तरी ‘खासगीकरणाने कार्यक्षमता येते’ हे पालुपद चालूच राहते.

आमच्या अभ्यासगटातले काही जण मध्यंतरी पहाटे एका हजेरी चौकीवर जात होतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बोलणाऱ्यांचे काम जाईल. तिथे काही वर्षांत तीन कंत्राटदार बदलले. गाडीवरचे नाव बदलले, जॅकेटचा रंग बदलला. मुकादम पालिकेचा, तोच राहिला. रस्ते तेच आणि गाडीच्या मागे लोंबकळणारी माणसेही तीच. प्रत्येक वेळी त्यांची नोकरी मात्र ‘नवीन’ झाली. मागच्या कंत्राटदाराने पीएफ भरला का, असे विचारले तर उत्तर ठरलेले, ‘तो गेला, त्यालाच विचारा.’ एका मावशींना आम्ही विचारले, ‘नोकरीला लागून किती वर्षे झाली?’ त्या म्हणाल्या, ‘काम करून चौदा वर्षं झाली, बाळा. नोकरी कधी लागलीच नाही.’

हे चुकून घडत नाही, हे आम्ही मुंबईच्या इतिहासावरून सांगतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा होती २० कामगारांची. त्याहून कमी माणसे ठेवणाऱ्या कंत्राटदाराला तो कायदा लागू होत नसे. आणि सलग सेवेचा हक्क सांगायला वर्षात २४० दिवस भरावे लागत. मुंबई महापालिकेने काय केले? २० पेक्षा कमी माणसांची, सुमारे सात महिन्यांची छोटी छोटी कंत्राटे काढली. कुठे ‘हैदराबाद पॅटर्न’च्या नावाखाली संस्थांना काम देऊन कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हटले आणि पगाराला ‘मानधन’. म्हणजे रोज शहराची घाण उचलणारा माणूस कागदावर हौशी समाजसेवक झाला! १९७२ च्या दुष्काळाने गावातून उठवलेल्या, मराठवाडा-सोलापूर-सातारा-नगरकडून आलेल्या आपल्याच माणसांच्या वाट्याला हे आले.

या विरोधात कचरा वाहतूक श्रमिक संघ अनेक वर्षे लढला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला. कंत्राट हा केवळ देखावा आहे, ही माणसे पालिकेचीच कामगार आहेत, हे मान्य झाले. पालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, एप्रिल २०१७ मध्ये तिथेही हरली. झाडूवाल्याला कायम करू नये म्हणून महापालिका दिल्लीपर्यंत गेली, हे लक्षात ठेवा. आणि निकालानंतरही कित्येकांना कशासाठी लटकवले? नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे म्हणून! ज्यांची नावे मुकादमाने हवी तशी लिहिली, त्यांनाच ‘तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा’ असे सांगितले गेले.

हा निकाल मोलाचा का, तेही समजून घेऊ. २००१ साली स्टील ऑथॉरिटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. पण कंत्राट बनावट असल्याचे सिद्ध झाले तर ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. म्हणून प्रश्न पुराव्याचा आहे. हजेरी कोण घेतो? काम कोण वाटून देतो? रजा कोण मंजूर करतो? कामावरून घरी कोण पाठवतो? या चार प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे ज्याच्याकडे आहेत, तो लढू शकतो.

आता दार आणखी अरुंद झाले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी २० ची मर्यादा ५० वर नेली. काल १९ माणसांची कंत्राटे होती, उद्या ४९ ची होतील. याच संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार ठेवण्यास बंदी आहे खरी, पण कोणकोणती कामे ‘मुख्य काम’ धरायची नाहीत त्या यादीत साफसफाई आणि कचरा गोळा करणे आधीच नोंदले आहे. संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तरच अपवाद. आम्ही विचारतो, महापालिका मग कशासाठी असते? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन नगरपालिकांच्या विषयांत स्पष्ट लिहिले आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात कचरा हलवणे हे बंधनकारक कर्तव्य आहे. कचरा हे पालिकेचे मुख्य काम नसेल तर उद्घाटनाच्या फिती कापणे हे मुख्य काम आहे काय? ही लढाई यापुढे याच मुद्द्यावर लढावी लागेल. तरीही २०२५ साली मुंबई पालिकेने गाडी, चालक आणि कचरा उचलणारा कामगार असे सगळेच कंत्राटदाराकडून घेण्याची निविदा काढली आणि कामगार संघटनांना संपाची भाषा करावी लागली.

इथे आपल्यातलेच काही सुशिक्षित मित्र आम्हाला अडवतात. ते म्हणतात, ‘बाबासाहेबांनी ही कामे सोडायला सांगितले. तुम्ही तीच कायम करायला सांगता?’ प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन म्हणजे काय होते? चोवीस तासांची चाकरी, सगळे घर बांधलेले, मोबदला मात्र बलुत्याच्या तुकड्यावर आणि मालक कोण हे कधीच नक्की नाही. गाव म्हणणार सरकारचा नोकर, सरकार म्हणणार गावाचा. आजचा कंत्राटी कामगार पाहा. पालिका म्हणते कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो पालिकेचा. १९५८ च्या कायद्याने गेलेले वतन टेंडर होऊन परत आले आहे. वतनाला जमिनीचा तुकडा तरी होता, याला तोही नाही.

पण बाबासाहेबांनी वतन मोडा म्हणताना चाकरी करणाऱ्या माणसाला उपाशी मरा असे सांगितले नाही. १९३५ साली त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. कचऱ्याचे कंत्राट हे या दोघांचे संयुक्त खाते आहे. जात माणसे पुरवते, भांडवल त्यांचा दर पाडते.

म्हणून आमची भूमिका सरळ आहे. कामगार कायम झाला पाहिजे, कामाची जात कायम होता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. ज्याच्या घरात महिन्याच्या ठरल्या तारखेला पूर्ण पगार येतो, त्याचीच मुलगी बारावीनंतर शिकते. ज्याची आई बिनपगारी आजारपणात घरी बसते, तो मुलगा दहावी सोडून तिच्या जागी गाडीवर चढतो. झाडू पिढ्यान्पिढ्या चालवतो तो असुरक्षित रोजगार. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, त्याबाबतही आम्ही हेच म्हणतो की शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद द्या, पदवीधराच्या हातात झाडू देऊन उपकार दाखवू नका. आणि कंत्राटात पद नसते, पद नाही तर बढती नाही, बिंदुनामावली नाही, आरक्षण नाही. ज्या एका कामात आपल्याला न मागता आरक्षण मिळते, तेवढे मात्र कंत्राटदार चोख पाळतो!

‘मग दुसरा मार्ग कोणता?’ असे कोणी विचारील. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली, त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम पालिकेकडून घेतले. मधला ठेकेदार वगळता येतो, हे त्यांनी दाखवले. तिथेही कायम नोकरी नाही, उत्पन्न घराघरांतून मिळणाऱ्या शुल्कावर चालते आणि कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवार असते. म्हणून तो आमचा शेवटचा मुक्काम नाही. पण ज्यांना शहर कचऱ्यासारखे वागवत होते, त्या बायका करारावर सही करणारा पक्ष झाल्या, हे लहान नाही.

तरुण मित्रांनो, आता आपल्या हातात काय आहे? आपल्या प्रभागाच्या कचरा कंत्राटाची प्रत माहिती अधिकारात मागा. कामगारांची यादी, हजेरीपट, पीएफचे चलन मागा. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो, हे चौकीवर जाऊन सांगा. प्रत्येकाचे आधार, बँक पासबुक आणि हजेरीपत्रकावरचे नाव एकसारखे आहे का ते तपासा. स्पेलिंगच्या एका अक्षरावर माणसाची पंधरा वर्षे अडकतात, हे मुंबईने शिकवले आहे. हातमोजे-गमबूट मिळाले नाहीत तर तारखेसह लिहून ठेवा. आणि नगरसेवक मत मागायला आला की स्मारकाबरोबर टेंडरही त्याच्यापुढे ठेवा.

‘शिका’ या शब्दात टेंडर वाचायला शिकणेही येते. ‘संघटित व्हा’ यात पहाटे सहाची हजेरी चौकीही येते. आम्ही येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एका कंत्राटाचे जाहीर वाचन करणार आहोत, एकेक अट, एकेक कलम. तुमच्या वस्तीतही करा. त्या मावशींची चौदा वर्षे कुठल्या कलमात गडप झाली, ते आपल्याला शोधायचे आहे.

जय भीम!