सक्ती त्यांची, फी कोणाची?

परदेशातले स्थळ आले की आपल्या घरांत चौकशी सुरू होते. मुलगा काय करतो, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, घरचे लोक कसे आहेत, मुलीचा व्हिसा कधी होईल? आखाती देशांची आपल्याला जुनी सवय. त्यामुळे व्हिसा हातात पडला की काम झाले, असे वाटते. युरोपात तसे नाही. तिथल्या अनेक देशांत कायमचे राहायला येणाऱ्या माणसाला त्या देशाची भाषा आणि रीतभात शिकून परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा सक्तीची असते आणि पुष्कळदा तिचा खर्च परीक्षा देणाऱ्याच्याच माथी असतो. चौकशीत हा खर्च सहसा निघत नाही. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहे. उदाहरण नेदरलँड्सचे घेऊ, कारण त्या देशाने या बाबतीत दोन्ही रस्ते चालून पाहिले आहेत.

डच लोक याला 'इनबुर्गरिंग' म्हणतात. आलेल्या माणसाने नागरिकांत मिसळून जावे, असा त्याचा अर्थ. डच वाचणे, लिहिणे, ऐकून समजणे, बोलणे आणि जोडीला तिथल्या समाजाची माहिती, म्हणजे डॉक्टर, शाळा, नोकरी, कायदा, असा अभ्यासक्रम असतो. 1998 मध्ये याचा कायदा झाला, तेव्हा वर्गांची व्यवस्था नगरपालिका करत असे. मार्च 2006 पासून आणखी एक पायरी आली. पतीकडे किंवा पत्नीकडे राहायला जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच, आपल्या देशातल्या डच वकिलातीत सोपी परीक्षा द्यायची. तिची फी 350 युरो होती आणि अभ्यासाचा संच 110 युरोंचा. नापास झाल्यास परीक्षेची फी पुन्हा भरायची.

2013 मध्ये सरकारने वर्गांची जबाबदारीही काढून घेतली. आलेल्याने आपला वर्ग आपणच शोधायचा, फी आपणच भरायची आणि साधारण तीन वर्षांत पास व्हायचे. न झाल्यास 1,250 युरोंपर्यंत दंड. पैसे नसतील तर सरकारी संस्थेकडून 10,000 युरोंपर्यंत कर्ज मिळे. आजच्या भावाने ही रक्कम दहा लाख रुपयांच्या घरात जाते. निर्वासित वेळेत पास झाला तर त्याचे कर्ज माफ होई. लग्न करून आलेल्या मुलीला ही माफी नव्हती.

परिणाम काय झाला? देशाच्या हिशेबतपासणी संस्थेने जानेवारी 2017 मध्ये या कायद्याचा अहवाल दिला. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा पास होणाऱ्यांचे प्रमाण घसरले होते. कारण समजायला अवघड नाही. ज्याला डच येत नाही, त्यानेच डच शिकवणाऱ्या डझनभर संस्थांतून चांगली कोणती ते ओळखायचे होते. काही संस्थांनी न घेतलेल्या तासांचे पैसे लावल्याची प्रकरणेही पुढे उघडकीस आली. कर्ज शिकणाऱ्याच्या नावावर आणि पैसा संस्थेच्या खिशात, असा तो व्यवहार होता.

प्रकरणे युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. 2015 मध्ये अझरबैजान आणि नायजेरियाच्या दोन स्त्रियांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की येण्यापूर्वी परीक्षा घेणे चूक नाही, पण फी इतकी नसावी की कुटुंबाला एकत्र येणेच अशक्य व्हावे. आता ती फी 150 युरो आहे. 4 फेब्रुवारी 2025 रोजी दुसरा निकाल आला. इरिट्रियाहून सतराव्या वर्षी आलेल्या एका निर्वासित मुलाला मुदतीत परीक्षा पास न झाल्याबद्दल 500 युरो दंड झाला होता आणि 10,000 युरो कर्ज परत करायचे होते. नापास झाला म्हणून सरसकट दंड लावता येणार नाही आणि शिकण्याचा सगळा खर्च निर्वासितावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तोवर डच सरकारनेही रस्ता बदलला होता. 1 जानेवारी 2022 पासूनच्या नव्या कायद्यात निर्वासितांचे वर्ग पुन्हा नगरपालिकेकडे आले. मात्र लग्न करून येणाऱ्यांनी फी आपणच भरायची, हे कायम राहिले. उलट अपेक्षित पातळी पूर्वीपेक्षा वर गेली.

यातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. पुण्याहून कंपनीच्या नोकरीवर गेलेला अभियंता 'उच्च कौशल्याचा कामगार' म्हणून जातो. त्याला आणि त्याच्या पत्नीला ही सक्ती नसते. कायमचे राहायचे किंवा नागरिकत्व घ्यायचे ठरले तरच परीक्षा येते. पण तिथे स्थायिक झालेल्या मुलाशी निकाह करून जाणाऱ्या आपल्या मुलीला आधी इथे आणि मग तिथे, दोन्हीकडे परीक्षा आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्या नागरिकांना निघण्यापूर्वीच्या परीक्षेतून सूट आहे, भारतीयांना नाही. म्हणजे ओझे सर्वांवर सारखे नाही.

भाषा शिकण्याच्या सक्तीला माझा विरोध नाही. ज्या देशात राहायचे, मुले वाढवायची, तिथली भाषा आलीच पाहिजे. नाहीतर डॉक्टरकडे जायलाही बाईला नवऱ्याची किंवा दहा वर्षांच्या मुलाची वाट पाहावी लागते. 'यायचे तुम्हाला, मग खर्च आमच्या करातून का?' हा तिथल्या लोकांचा प्रश्नही गैर नाही. ज्याची कमाई आहे, त्याच्याकडून काही भाग घ्यावा. पण नव्याने आलेल्या माणसाची गाठ वेगळी आहे. भाषा नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून फीला पैसे नाहीत. ज्याने आयुष्यात शाळा पाहिली नाही, त्याला तर आधी पाटी-पेन्सिलपासून सुरुवात करावी लागते. त्याला दंडाची नोटीस पाठवून अक्षरे येत नाहीत. कोणताही शिक्षक हे सांगेल.

आपल्याकडे हा धडा फार पूर्वी गिरवला गेला. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा ते मोफतही केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता, पण शाळेला फी नव्हती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नावातही 'मोफत व सक्तीचे' हे शब्द जोडीनेच येतात. सरकारला सक्तीचा अधिकार हवा असेल, तर शिकवण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी. नेदरलँड्सने 2013 मध्ये ही जोडी तोडली, आणि ती निम्मीच पुन्हा जुळली आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर स्थळ पाहताना आपण काही प्रश्न वाढवावेत. मुलाचा राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे? मुलीला कोणत्या परीक्षा द्याव्या लागतील, किती मुदतीत? फी कोण भरणार? कर्ज काढावे लागले तर ते कोणाच्या नावावर, आणि त्यावरच्या व्याजाचे काय? मूल झाले, तर ती वर्गाला जाईल तेव्हा त्याला कोण सांभाळेल? हे विचारताना संकोच नको. दागिन्यांची यादी आपण बिनदिक्कत लिहून काढतोच की.

आणि मुलीलाही सांगावे की निकाहाची तारीख ठरताच भाषेचा अभ्यास सुरू कर. इथे आई-वडिलांच्या घरी, निवांत वेळात शिकलेले चार धडे तिथले महागडे तास वाचवतील. शिवाय परक्या गावात पहिल्या दिवशी शेजारणीला सलाम-दुआ तिच्या भाषेत करता येईल, ते वेगळेच.