वेश हेही वाचनच

हडपसरच्या सदनिकेत कॉस्प्लेची तयारी सुरू झाली की दिवाणखान्याची कार्यशाळा होते. फोम कापून, तापवून त्याचे चिलखत बनते. भाल्याला मध्ये सांधा ठेवावा लागतो, कारण मुंबईच्या बसमध्ये तो मावला पाहिजे. केसांचा टोप जाळीत, खांद्यांची कवचे एकात एक आणि सुईदोरा, डिंक सर्वांत वर.

आमच्या काही सहकाऱ्यांना हे परक्यांचे अनुकरण वाटते. शब्द जपानी वळणाचा आहे आणि भारतातले पहिले कॉमिक कॉन भरले तेही 2011 साली, दिल्लीत, हे मान्य. पण लोकसाहित्याच्या तासाला बहुरूपी आणि एकनाथांच्या भारुडांतला जोशी, वासुदेव रंगवून शिकवणाऱ्यांनी या वेशाला हसावे, हे आम्हांस पटत नाही. (बहुरूप्याचे पोट वेशावर चाले, येथे पालकांचा खिसा रिकामा होतो, हा फरक लहान नव्हे.) भाल्याचा सांधा कोठे लपेल हे ठरवण्यासाठी जो विद्यार्थी पात्राचे प्रत्येक चित्र न्याहाळतो, तो आमच्या मार्गदर्शिका-पाठ स्वभावचित्रांपेक्षा सखोल वाचन करीत असतो.

लोकसाहित्याचा प्रकल्प म्हणून असा वेश स्वीकारावा. सोबतचे टिपण मात्र मराठीत हवे, आणि त्यात बहुरूप्याशी तुलना.